आधी घर आखा, मग खेळाडूची खोली: नाशिकमध्ये मॉड्यूल पद्धतीचा क्रीडापटू-निवास आणि त्याचे कायम घरांत रूपांतर

२०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकनंतर कॅनडातील व्हिस्लर येथील खेळाडूंच्या वसाहतीतून ३२० तात्पुरती मॉड्यूल (कारखान्यात तयार करून जागेवर आणून बसवलेल्या खोल्या) उचलण्यात आली आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सहा गावांमध्ये त्यांतून १५६ कायम घरे तयार करण्यात आली. असे काम हाती घेणाऱ्या कोणत्याही संस्थेने हे दोन आकडे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवावेत, कारण साधारण दोन खोल्यांमागे एक घर हे प्रमाण त्यांतून स्वच्छ दिसते. खेळाडूला खाट, कपाट आणि न्हाणीघर एवढे पुरते, कारण त्याचे जेवण सामाईक भोजनगृहात होते. कुटुंबाला मात्र ओटा, धान्याची जागा, कपडे वाळवण्याची सोय आणि पाहुणा आला तर बसायला खोली लागते. म्हणून रेखाटनाची सुरुवात खेळाडूच्या खोलीपासून करू नये. शेवटी उभे राहणारे घर आधी पूर्ण आखावे आणि त्या घरात काही आठवडे चार खेळाडू कसे राहतील, हा प्रश्न त्यानंतर सोडवावा.

नाशिकला या विषयाची गरज का भासावी, याचे उत्तर जिल्ह्याच्या नकाशातच आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले, तर चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात उतरले. आमचे खेळाडू पाड्यांवरून आणि वाड्या-वस्त्यांवरून येतात, त्यामुळे शहरात राहण्याची सोय हा त्यांच्या सरावाचाच भाग ठरतो. या मार्गदर्शनासाठी मी पंचवटीतील मीनाताई ठाकरे क्रीडासंकुलापासून फार दूर नसलेला एक भूखंड कल्पिला आहे. तेथे स्पर्धेच्या काळात ९६ खेळाडू राहतील आणि नंतर तळमजला व वरचे दोन मजले मिळून २४ घरे होतील, असे धरून पुढील हिशेब मांडला आहे.

जागा आणि कागद

पहिली भेट वास्तुविशारदाची नव्हे, तर झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा कागद) देणाऱ्या कार्यालयाची असावी. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर खेळाडूंचा तात्पुरता निवास कदाचित उभा राहू शकेल, पण त्याचे पुढे घरांत रूपांतर होणार नाही. हे स्पर्धा संपल्यावर कळले, तर संपूर्ण योजना तेथेच थांबते. त्याचप्रमाणे बांधकाम परवानगी ‘तात्पुरती रचना’ म्हणून घेऊ नये. निवासी इमारतीचेच नकाशे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार मंजूर करून घ्यावेत. खेळाडूंच्या वास्तव्याचा टप्पा त्याच प्रस्तावात वेगळ्या नकाशाने दाखवावा. तात्पुरत्या परवानगीचे कायम परवानगीत रूपांतर करणे हे मॉड्यूल जोडण्यापेक्षा कठीण काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरे विकायची असतील, तर भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा अधिक असल्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील नोंदणी जाहिरातीच्या आधीच करावी लागते. याच कायद्यानुसार बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे राहते. येथे एक बारकावा आहे. ताबा देताना घर कागदावर नवे असते, पण त्याचे नळ, दारे आणि फरशी खेळाडूंनी वापरलेली असते. स्पर्धेतील झीज कोणाच्या माथी, हे कारखानदार, आयोजक आणि संस्था यांच्या करारात आधीच लिहिलेले नसेल, तर पाच वर्षांच्या तक्रारी संस्थेलाच निस्तराव्या लागतील.

पूररेषेबाबत कोणतीही सवलत मागू नये. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले, यावरून गोदावरीचा पूर मोजणाऱ्या शहराला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरीही नदीकाठची मोकळी जमीन स्वस्त दिसली की मोह होतोच. तपोवनात सिंहस्थासाठी साधुग्राम उभे राहते आणि पर्वणी संपल्यावर ते उठते. त्या वसाहतीचा स्वभावच उठून जाण्याचा असल्याने तिचे गणित येथे लागू पडत नाही. आपल्याला पावसाळ्यांमागून पावसाळे काढायचे आहेत. पूरनकाशातील निळ्या (नेहमीच्या पुराच्या) रेषेच्या आतील जागा पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाकावी आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) रेषेलगतच्या जागेचाही मोह धरू नये.

जमिनीखाली काय आहे, हेही खड्डे घेऊन पाहावे. नाशिक परिसरात कोठे थोड्याच खोलीवर मुरूम आणि काळा दगड लागतो, तर कोठे काळ्या मातीचा जाड थर असतो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. नेहमीच्या बांधकामात थोडीशी असमान खचण भेगेच्या रूपाने दिसते. मॉड्यूलच्या बाबतीत मात्र एका कोपऱ्याचा आधार काही मिलिमीटर खाली गेला, तरी वरच्या मजल्याचे बोल्ट छिद्रांत बसत नाहीत आणि दारे अडकू लागतात. म्हणून पाया आणि प्लिंथ (जोते) पहिल्या दिवसापासून कायम स्वरूपाचेच करावेत. सिमेंटच्या ठोकळ्यांवर मॉड्यूल टेकवून ‘नंतर पाया करू’ म्हणणाऱ्याच्या हाती काम देऊ नये.

मॉड्यूलचे माप

जुना मालवाहू कंटेनर आणून त्याचे घर करावे, असे सुचवणारा कोणी ना कोणी बैठकीत असतोच. त्याला मोजपट्टी द्यावी. प्रमाणित कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर आणि उंची सुमारे २.३९ मीटर असते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहण्याच्या मुख्य खोलीला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र, २.४ मीटर रुंदी आणि २.७५ मीटर उंची लागते. उष्णतारोधक थर लावण्याआधीच कंटेनर रुंदी आणि उंची या दोन्ही बाबतींत कमी पडतो. उंच प्रकारचा कंटेनर घेतला, तरी आतील उंची २.७ मीटरच्या आसपास थांबते. साहित्य ठेवायला तो उत्तम आहे, भोगवटा प्रमाणपत्रासाठी नाही.

त्यामुळे माप नव्याने ठरवावे. मी ३ मीटर रुंद आणि ७.५ मीटर लांब बाह्य माप सुचवतो. चारही बाजूंच्या भिंतींचे सव्वाशे मिलिमीटर वजा केल्यावर आत २.७५ गुणिले ७.२५ मीटर, म्हणजे जवळपास २० चौरस मीटर जागा मिळते. खोल्यांसमोरच्या सामाईक मार्गिकेकडील टोकाला १.५ गुणिले १.९ मीटरचे न्हाणीघर ठेवावे. संहिता संडास-न्हाणीसाठी एकत्रित २.८ चौरस मीटर मागते, ते यात बसते. न्हाणीघराच्या शेजारी सव्वा मीटरची वाट राहते आणि पुढे साधारण १४ चौरस मीटरच्या खोलीत दोन खेळाडू ऐसपैस राहतात. खाट मात्र नेहमीच्या मापाची घेऊ नये. व्हॉलीबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्याचे पाय बाहेर लोंबतात.

आता शेजारचे मॉड्यूल आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे ठेवावे, म्हणजे दोघांच्या वाटा एकमेकींना लागून येतील आणि न्हाणीघरे बाहेरच्या बाजूंना जातील. खेळाडू गेल्यावर पहिल्या मॉड्यूलचे दार घराचे मुख्य दार होते आणि त्याचे न्हाणीघर जसेच्या तसे राहते. वाट संपते तेथे दोन्ही मॉड्यूलांच्या सामाईक भिंतीत १.२ मीटर रुंदीची मोकळीक उघडते. दुसऱ्या मॉड्यूलचे मार्गिकेकडील दार बंद होऊन तेथे खिडकी बसते, त्याचे न्हाणीघर निघते आणि तेथील २.७५ गुणिले १.९ मीटरच्या जागेत स्वयंपाकघर होते. हे क्षेत्र ५.२ चौरस मीटर भरते, म्हणजे संहितेतील किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंदी या दोन्ही अटी पूर्ण होतात. पहिल्या खोलीत वाटेपुरती जागा सोडून आडवी भिंत घातली, तरी साडेदहा चौरस मीटरची झोपण्याची खोली उरते आणि दुसऱ्या मॉड्यूलमधील खोली बैठकीची होते. घराचे एकूण आतील क्षेत्र सुमारे ४० चौरस मीटर होते. चार खेळाडूंच्या जागेत एक आटोपशीर संसार मावतो.

तीन मीटर रुंदीची किंमत वाहतुकीत मोजावी लागते. रस्त्यावरील वाहनाची सर्वसाधारण रुंदीची मर्यादा २.६ मीटर असल्याने प्रत्येक फेरीसाठी जादा मापाच्या मालाची परवानगी लागेल. ट्रेलरसह उंचीही चार मीटरच्या वर जाईल. मॉड्यूल सिन्नर, अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तयार होत असेल, तर हे अंतर रात्रीच्या फेऱ्यांत निभावते. कसारा घाट चढवून लांबून आणायचे असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा. मार्ग ठरवताना वाटेवरील प्रत्येक तार, कमान आणि झाडाची फांदी प्रत्यक्ष मोजावी. द्वारका चौकातून दिवसाढवळ्या ४८ ट्रेलर नेण्याचा विचार करणारा माणूस नाशिकचा नसावा.

पाण्याचा गाभा

भिंती पाडणे सोपे असते. रूपांतर अडते ते पाण्यापाशी, आणि म्हणून या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या २,८१८ घरांत स्पर्धेच्या काळात स्वयंपाकघरे बसवलेलीच नव्हती. पॅरिसच्या २०२४ च्या क्रीडाग्रामातही ओटे नव्हते आणि काढता येणाऱ्या भिंती घालून खोल्या पाडल्या होत्या. हे शक्य झाले ते नळ आणि सांडपाण्याच्या वाटा शेवटच्या घरासाठी आधीच ठरल्या होत्या म्हणून.

आपल्या आखणीत एका घराचे भावी स्वयंपाकघर आणि शेजारच्या घराचे न्हाणीघर पाठीला पाठ लावून येतात. त्या दोहोंमध्ये एकच डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) ठेवावा आणि त्याचे दार मार्गिकेतून उघडावे, म्हणजे दुरुस्तीसाठी कोणाच्या घरात शिरावे लागणार नाही. मैल्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप पहिल्यापासून वेगळे ठेवावेत. जे न्हाणीघर पुढे निघणार आहे, त्याच्या नहाणी ट्रॅपची (फरशीवरील सांडपाण्याच्या तोंडाची) जागा अशी निवडावी की तीच पुढे सिंकखाली येईल. स्वयंपाकघराचे पाणी तेलकट असते आणि खेळाडूच्या आंघोळीचे तसे नसते. त्यामुळे ती ओळ ७५ मिलिमीटरची ठेवून तिला साफसफाईचे तोंड आधीच द्यावे. संडासाचे तोंड रूपांतरानंतर पक्के बुजवावे, पण ओट्याखाली ते दिसेल आणि तपासता येईल असे ठेवावे. फरशीखाली गाडलेले बूच कोणत्या दिवशी गळू लागेल, याचा नेम नसतो.

नेहमीच्या इमारतीत न्हाणीघराची जमीन खोल घेतात. येथे ती घेऊ नये, कारण न्हाणीघर निघाल्यावर तो खड्डा स्वयंपाकघरात उरतो. मार्गिकेकडील पूर्ण १.९ मीटर पट्टा एकाच पातळीत, सिमेंट बोर्डावर जलरोधक पडदा अंथरून आणि तो भिंतीवर वर चढवून कारखान्यातच करावा. न्हाणीघराच्या भिंती या पडद्याला भोके न पाडता त्यावर उभ्या कराव्यात. मॉड्यूल ट्रेलरवर चढण्याआधी त्या पट्ट्यात पाणी भरून ४८ तास ठेवावे आणि जागेवर बसवल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी. प्रवासात सांधे हलतात, म्हणून दुसरी चाचणी टाळू नये.

टाकीचा हिशेबही घरांवरून करावा. दर माणशी दररोज १३५ लिटर धरल्यास ९६ खेळाडूंना सुमारे १३,००० लिटर लागतात. पाच माणसांची २४ कुटुंबे आली, की तीच गरज १६,२०० लिटरवर जाते. म्हणजे छतावर सोळा टनांहून अधिक भार येतो. हा भार मॉड्यूलांवर न टाकता जिन्याभोवतीच्या काँक्रीटच्या गाभ्यावर घ्यावा.

सांगाडा, सांधे, आग आणि ऊन

तोच काँक्रीटचा गाभा भूकंप आणि वाऱ्याचा आडवा भारही घेतो. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे आणि इमारतींवरील भारांच्या आयएस ८७५ या मानकानुसार येथे वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. हे आकडे भीतिदायक नाहीत, पण सुटी मॉड्यूल एकमेकांवर नुसती ठेवून चालणार नाही, हे त्यांतून ठरते. प्रत्येक मॉड्यूल वरच्या, खालच्या आणि शेजारच्या मॉड्यूलशी बोल्टच्या पट्ट्यांनी बांधावे आणि गाभ्याशी जोडावे. ज्या १.२ मीटरच्या मोकळिकीचा वर उल्लेख आला, तिच्या वरची तुळई आणि बाजूचे खांब कारखान्यातच बसवावेत, तिरपे आधार त्या जागी येऊ देऊ नयेत आणि मधला भाग स्क्रूने काढता येणाऱ्या बोर्डाने बंद करावा. स्पर्धेनंतर पोलाद कापण्याची वेळ आली, तर आखणी चुकली असे समजावे.

घर म्हणून वापर सुरू झाला की भिंतींवर वजने येतात. सिन्नरकडच्या एका वसतिगृहाच्या कामावर आम्ही गिझर बोर्डाच्या भिंतीला नुसत्या स्क्रूंवर टांगला आणि दोन महिन्यांत तो भिंतीचा तुकडा घेऊन खाली आला. सुदैवाने तेव्हा आत कोणी नव्हते. त्यानंतर मी गिझर, माळा, कडप्प्याचा ओटा, देवघर आणि पंखा या सर्वांच्या जागी बोर्डामागे पोलादी पट्टी किंवा जाड प्लायवूड घातल्याशिवाय नकाशावर सही करत नाही. खेळाडूच्या खोलीत यांतील अर्ध्या वस्तू नसतात, म्हणूनच ते विसरले जाते.

दोन मॉड्यूलांमधील पोकळी आगीच्या वेळी धुराड्यासारखी वागते. ती प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक घराच्या हद्दीवर रॉकवूलने (न जळणाऱ्या खनिज तंतूंच्या भरावाने) बंद करावी आणि पोलादावर अग्निरोधक बोर्डाचे आवरण द्यावे, कारण सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते. स्वस्त फेसाचे पॅनेल उन्हाळ्यात थंडावा देतात, पण स्वयंपाकाचा गॅस येणार असलेल्या घरात मी ते वापरणार नाही. वरच्या मजल्यासाठी मॉड्यूलच्या छतावर हवा खेळेल एवढी जागा सोडून उताराचे दुसरे पत्र्याचे छप्पर घालावे. एप्रिल-मेच्या उन्हाला आणि जुलैच्या पावसाला तेच एक उत्तर आहे.

तळमजल्यावरील निदान दोन घरांच्या जोड्या दिव्यांग खेळाडूंसाठी वेगळ्या आखाव्यात. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, रॅम्पचा उतार बारास एक आणि न्हाणीघर चाकाची खुर्ची फिरेल एवढे मोठे असावे. वरचे २.८५ चौरस मीटरचे माप येथे पुरणार नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी पुढे हीच घरे प्रथम मागितली जातील.

वीज जोडणी खेळाडूंच्या काळात एकच असते. पुढे महावितरणचे २४ मीटर लागतील, म्हणून मीटरची खोली आणि दोन मॉड्यूलांमधून जाणाऱ्या रिकाम्या नळ्या आधीच ठेवाव्यात. एवढे केले, की विजेचे काम दोन दिवसांचे राहते.

रूपांतराचे काम

खेळाडू गेल्यावर लगेच हातोडा उचलू नये. पहिला आठवडा तपासणीला द्यावा. प्रत्येक मॉड्यूलमध्ये ओलाव्याचे मापक फिरवावे, बोल्टवर रंगाने मारलेली खूण सरकली आहे का ते पाहावे आणि दोष मॉड्यूलच्या क्रमांकानुसार लिहावेत. नंतर काम वरच्या मजल्यापासून खाली करावे, म्हणजे वरचे सांडलेले पाणी पूर्ण झालेल्या घरात उतरणार नाही. एका उभ्या डक्टवरील सर्व घरे एकत्र बंद करून एकत्रच सुरू करावीत. निघालेले २४ कमोड, नळ आणि बोर्डाच्या भिंती कोठे जाणार, हे त्याआधी ठरलेले असावे. एखाद्या क्रीडा वसतिगृहाशी तसा करार करता येतो. अन्यथा ते साहित्य मार्गिकेत पडून राहते आणि पावसात कुजते.

भूखंड निवासी होणारच नसेल, तर व्हिस्लरचा मार्ग उरतो, म्हणजे मॉड्यूल उचलून दुसऱ्या जागी नेणे. त्यासाठी सांधे वेल्ड न करता बोल्टचेच ठेवावेत, उचलण्याच्या कड्या कापून टाकू नयेत आणि दुसऱ्या जागेचा पाया व परवानगी पहिल्या जागेबरोबरच मिळवावी. दुसरी जागा ‘बघू’ या सदरात असेल, तर हा मार्ग धरू नये.

मागणीचा अंदाजही थंड डोक्याने घ्यावा. रिओच्या २०१६ च्या वसाहतीत ३,६०४ सदनिका होत्या आणि स्पर्धेनंतर त्या विकता विकता विकासकांच्या नाकी नऊ आले. टोकियोत स्पर्धा वर्षभर पुढे गेली, तेव्हा घरे घेतलेल्या कुटुंबांचा ताबाही लांबला. २४ घरांच्या प्रकल्पात एवढा धोका नाही, तरी राहणारे कोण हे आधी ठरवावे. प्रशिक्षक, परिचारिका आणि कारखान्यातील नवविवाहित कामगार यांना ४० चौरस मीटर पुरतात, पण तीन पिढ्यांच्या कुटुंबाला ती जागा अपुरी पडते.

ताबा देताना किल्लीसोबत प्रत्यक्ष कामाचा नकाशा द्यावा. त्यात खांब, तिरपे आधार, बोल्टच्या पट्ट्या आणि भिंतीमागील प्लायवूड यांच्या जागा रंगाने दाखवाव्यात. आपल्याकडे नव्या घरात पहिल्या आठवड्यातच कोणीतरी भिंत पाडायला निघतो, तेव्हा कोठे खिळाही मारू नये हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. हीच अट गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत घालावी आणि सांध्यांची तपासणी-झाकणे दरवर्षी पावसाळा संपल्यावर उघडून बोल्ट व गळती पाहण्याचे काम संस्थेच्या वार्षिक खर्चात धरावे.